संबंधिताचं नाव

बाई, आज मला कुणाला तरी शिव्या घालायच्या आहेत, आणि या वयात त्या मुकाट ऐकून घेणारं माणूस राहत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही सकाळचा पेपर वाचून झाला की त्याची घडी करून टेबलावर आपटायचात आणि म्हणायचात, "थू! शाई वाया." तेव्हा मला ते जरा जास्तच वाटायचं. आपल्याच धंद्यावर काय थुंकायचं, असं. आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, रोज पेपर उघडते आणि तुम्ही फार सौम्य होतात असं वाटतं.

गुलमंडीतलं आपलं पेपरचं ऑफिस मला अजून जसंच्या तसं दिसतं. खाली कापडाचं दुकान, वर आपण. खाली गिऱ्हाईक घासाघीस करतंय आणि वर तुम्ही माझ्या बातमीशी. मी येईपर्यंत बातम्यांच्या टेबलावर तुम्ही एकट्याच बाई, आणि सगळे पुरुष तुम्हाला टरकून. माझी पहिली मोठी बातमी हर्सूलकडच्या नाल्याच्या भिंतीची. बांधून वर्ष झालं नाही तोवर आडवी झालेली. मी ऐटीत लिहिलं आहे, 'संबंधित ठेकेदाराने निकृष्ट काम केल्याची चर्चा आहे.' तुम्ही चष्म्यावरून बघता. "संबंधित म्हंजे कोण गं?" मी म्हणते, "बाई, सगळ्यांना माहीतच आहे." "मंग लिहायला काय होतंय? नवरा हाय का तुझा, नाव घ्यायला लाजतीस? घे की उखाणा!" सगळं ऑफिस फिदीफिदी हसतं आणि माझे कान गरम होतात. मग हसणं थांबल्यावर तुम्ही खालच्या आवाजात म्हणता, "त्याला जाऊन इचारलंस का? कामाचे कागद बघितलेस का? नसतील बघितले तर बातमीच देऊ नको. बघितले असतील तर नाव लिही. ही मधली लाज मला चालायची नाय." मी दुसऱ्या दिवशी जाऊन विचारून आले, कागद बघून आले, आणि नाव लिहिलं. तुम्ही ते छापलंत. त्यानंतर पेपरचा मालक तुमच्याशी महिनाभर बोलला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे एका रविवारी तुमच्या घरी, तुम्ही भाकऱ्या थापताय आणि मी घरच्यासारखी पाटावर बसून पेपर वाचून दाखवतेय. कुणीतरी कोंबडी चोरल्याची चार ओळींची बातमी होती. नाव, वय, राहणार अमुक वस्ती, सगळं. तुमचा हात थांबला. "आमच्या बापाला गावानं उभ्या जल्मात पुऱ्या नावानं हाक मारली नाय," तुम्ही म्हणालात. "नाव तोडूनच घ्यायचे. आन् एकदा चोरीचा आळ आला, तर पेपरात पुरं नाव आलं. बापाच्या नावासगट. लई वर्सांनी निर्दोष सुटला, ते कुणी छापलं नाय. कोंबडी चोरली की नाव, वय, पत्ता. तळं गिळलं की संबंधित." मग तव्यावरची करपलेली भाकरी उलटलीत आणि मला ठेचा जास्त वाढलात. त्या दिवसापासून तो शब्द मला लिहिता आला नाही. लिहायला गेले की भाकरी करपल्याचा वास यायचा.

आता हसू नका, पण मी हल्ली पत्रकारांना आणि संपादकांना भ्रष्टाचाराच्या बातम्या कशा कराव्यात हे शिकवते. टेंडर कसं वाचायचं, माहिती अधिकारात काय मागायचं, समोरच्याची बाजू कशी घ्यायची. तुमचीच अक्कल, फक्त आता ती पडद्यावर दाखवावी लागते. गेल्या आठवड्यात जालना रोडवरच्या एका हॉटेलात अशी कार्यशाळा होती. फुलंब्रीची एक बातमीदार मुलगी बसने आली होती, जवळच्या खेड्यात वाढलेली, घरची मेंढरं आहेत म्हणाली. तिच्या बातमीवरच आम्ही दिवसभर काम करायचं ठरवलं. एका गावातल्या शाळेची नवी खोली, छताचा गिलावा दुसरीतल्या मुलीच्या डोक्यावर पडला, टाके घालावे लागले. या बातमीदार मुलीने कामाचा करार आणला होता, इंजिनिअरचा अहवाल आणला होता, ठेकेदाराला भेटून त्याचं उत्तरही घेतलं होतं. त्याच माणसाला आता शेजारच्या गावच्या शाळेचं काम मिळालंय. "तिथल्या आयांना कळाय नको का, मॅडम, छत कोण टाकतंय ते?" इतकं साधं तिचं म्हणणं. तिने कागद पुढे केले, आणि त्यावरचं नाव माझ्या डोक्यामागच्या फ्लेक्सवरही होतं. 'सौजन्य' म्हणून. कार्यशाळेचं जेवण तोच ठेकेदार घालत होता. हॉलमधल्या सगळ्यांना ते दिसलं आणि सगळे एकदम मोबाईल बघायला लागले.

मी उठून चालतं व्हायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ती मुलगी समोर बसली होती. एक बुजुर्ग संपादक म्हणाले, "मॅडम, नाव न घेता बी पब्लिक समजती है. आपल्याच पोटावर पाय कशाला द्यायचा?" मग मी तुमचा उखाण्याचा किस्सा सांगितला. हॉल खदखदून हसला, टाळ्या वाजल्या. सगळ्यात मोठ्याने त्या मुलीच्या संपादकाने वाजवल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "जा, नावासकट छापतो." मुलीचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बाई, जमलं. संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटायला तो ठेकेदार आला. शाल, श्रीफळ झालं. पत्रकारांनी निर्भीड असावं, असं त्याने आम्हाला सांगितलं. त्याचेच गुलाबजाम खाल्लेल्या हातांनी टाळ्या मीही वाजवल्या.

दोन दिवसांनी त्या बातमीदार मुलीचा फोन. "मॅडम, पान पाच बघितलं का?" बघितलं. वर कार्यशाळेची बातमी, फोटोसह. त्यात ठेकेदाराचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पुढे सुप्रसिद्ध उद्योजक आणि समाजसेवक. खाली, त्याच पानावर, तिची शाळेची बातमी. 'संबंधित ठेकेदारावर कारवाईची मागणी होत आहे.' जखमी मुलीचं मात्र नाव होतं, इयत्ता होती, गाव होतं. मला किळस आली, बाई. तुम्ही शाई वाया म्हणायचात. ही शाई वाया गेली नव्हती, चांगली कामाला लावली होती. मी तिच्या संपादकाला फोन केला, तर तो म्हणतो, "अहो मॅडम, दोन्ही बातम्या लावल्या की! वाचणाऱ्याला बरोब्बर कळतं." फुलंब्रीची मुलगी रडली नाही. एवढंच म्हणाली, "माणूस एकच हाय, मॅडम. वरी नाव, खाली संबंधित. तुमचं रविवारी सदर येतं ना? तुम्ही घ्या त्याचं नाव. तुमचं छापतेत." मी म्हटलं, घेते. कागद सगळे माझ्याकडे आहेत. शेजारच्या गावात पाया खणायला सुरुवात झाली आहे.

आज सकाळपासून ते सदर लिहायलाच बसले होते, आणि लिहून झालं ते हे पत्र. आता पहिल्यापासून वाचून काढलं. हे कुठे छापून येणार नाही, पोस्टात पडणार नाही, तुम्हीही वाचणार नाही. भ्यायला इथे कुणीच नव्हतं. तरी त्या माणसाचं नाव मी एकदाही लिहिलेलं नाही, बाई.