पहिला चमचा रंजीताचा

कमळाबाईस जयभीम,

हे पत्र टपालात पडणार नाही. पडलं तर तू रडत कुरखेड्याहून येशील, आणि रंजीताला कळेल.

तुला वाटतं, तिच्या घशाच्या कॅन्सरचे किरणांचे शेक संपले, ती बरी झाली, म्हणून तुझा भाऊ बायको-पोरीला घेऊन वर्षभर मोठमोठ्या हॉटेलांत जेवत हिंडतो. तिलाही मी लग्नाच्या पंचविसाव्या वर्षाचंच निमित्त सांगितलं. डॉक्टरांनी हे एकच वर्ष दिलंय, ते फक्त मला ठाऊक. पुढच्या महिन्यात कोची आहे.

आपल्या भोजनालयात पहिला चमचा तिने चाखल्याशिवाय भाजी बाहेर जात नाही. आणि 'मीठ कमी' हे तिचं ठरलेलं. यंदा मात्र गोवा, कोलकाता, सगळीकडे नावाजतच राहिली. हैदराबादेत आचारी मीठच विसरला होता, तरी म्हणाली, "झकास आहे जी."

त्याच दुपारी दाराआडून ऐकलं. आमच्या संघप्रियाला सांगत होती, "बाबाले सांगू नको पोरी. शेक घेतल्यापासून मले कशाचीच चव नाई. हौसेनं नेऊन राह्यले, नेऊ दे."

काल सकाळी मी सवयीने चमचा तिच्यापुढे धरला. माझ्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "मीठ कमी आहे."

मीठ बरोबर होतं. मी तिच्यासमोर मूठभर आणखी टाकलं.

दुपारी ताटाताटांतून भाजी खारट म्हणून तशीच परत आली. आधी त्या ताटांकडे, नंतर माझ्याकडे तिने बघितलं. मग म्हणाली, "कोचीची तिकिटं रद्द करून टाका जी."

तुझा भाऊ,
नागसेन