निळ्या कापडातली फाइल

३ मार्च
आजपासून रोजनिशी. नियम तीन. घाबरायचं नाही. हिच्यासमोर उसासे टाकायचे नाहीत. तपकीर बंद.
नियम लिहून झाल्यावर एक चिमूट ओढली. ती कालची धरायची.

५ मार्च
हिला घेऊन डॉक्टरबाईंकडे. फुप्फुसातली गाठ औषधाने निम्मी झाली! मी सातवी नापास, पण चाळीस वर्षं बाइंडिंग केलं हे कळल्यावर बाईंनी माझ्या भाषेत समजावलं. पेशीत क्रोमोसोम म्हणजे सेहेचाळीस खंडांचा ग्रंथ. कॅन्सरमध्ये नुसतं अक्षर चुकत नाही. अख्खे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, गळतात, दोनदा शिवले जातात, एका खंडाचा तुकडा दुसऱ्याला जोडला जातो. पेशी दुभंगली की नवा घोळ.
बाहेर आल्यावर हिला म्हटलं, असलं बाइंडिंग महिनाभर टिकत नाही, आपोआप सुटणार. ही म्हणाली, डॉक्टर झालात का आता? आधी रस्ता बघा.

९ मार्च, सकाळ
हिचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले. बघवत नाही. पक्की शिवण घालून बांधायला घेतले. मुलगी म्हणाली, बाबा, सुटेच राहू द्या, दर महिन्याला नवे कागद येतात. म्हटलं, कशाला येतील? मागे एकही कोरं पान ठेवलेलं नाही. मुद्दाम.

१० मार्च
निळं कापड, कोपरे चोख. खळ वाळेपर्यंत वर इस्त्री ठेवली. हिला नेमकी आजच इस्त्री हवी होती. वाद. नियम दोन मोडला, पण तो उसासा इस्त्रीसाठी होता.

२ एप्रिल
बाईंनी फाइल हातात घेऊन कौतुक केलं. मग विचारलं, नवा स्कॅन कुठे लावू? मी म्हटलं, तुमच्याच कपाटात ठेवा. हसल्या. मग हसल्या नाहीत.
हिला वजन करायला नेलं तेव्हा सांगितलं, गाठ पुन्हा वाढली आहे. यकृतातही ठिपका.
मी ठणकावून विचारलं, एवढं गचाळ बाइंडिंग टिकलंच कसं? बाई म्हणाल्या, तुमचं खरं आहे आजोबा, बहुतेक पेशी अशा घोळाने मरतातच. पण लाखात एखादीला घोळच फळतो. औषधाला दाद न देणारा फर्मा तिच्यात चारदा शिवला गेलेला असतो. बाकीच्यांना औषधाने मारलं, तिला मोकळी जागा मिळाली. आता सगळी तिचीच पिलावळ.
दुसरं औषध आहे म्हणाल्या. त्यालाही पुरून उरणारी एखादी असेल का, विचारलं. बाईंनी पेनाला टोपण लावलं.
हिला सांगितलं, किरकोळ सूज आहे, औषध बदललंय.

३ एप्रिल
नवा रिपोर्ट खळीच्या डब्याखाली ठेवला. लपवला नाही. फाइलमध्ये जागा नाही, एवढंच.
घाबरलेलो नाही. पाच चिमटी.

६ एप्रिल
हिने डबा घासायला काढला.
रिपोर्ट दोनदा वाचला. मग म्हणाली, अहो, मला वाचता येतं, तुमच्यापेक्षा दोन इयत्ता जास्त. वजनकाट्याकडून आले तेव्हाच तुमचं तोंड बघून कळलं होतं. आणि त्या दिवसापासून शर्टावर तपकीर सांडतेय.
मी म्हटलं, ती जुनी तपकीर आहे.
तिने कात्री आणून पुढ्यात ठेवली.

७ एप्रिल
शिवण उसवली. आपलं काम आपल्याच हाताने उसवायला फार वेळ लागतो. रिपोर्ट जोडला. कोरी पानं किती घालू, विचारलं. ही म्हणाली, हात आखडता घेऊ नका. दोन फर्मे घातले, बत्तीस पानं. ही म्हणाली, अजून एक घाला.
सुईत दोरा तिनेच ओवून दिला, मला दिसेना. शिवण वाकडी गेली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
राहू दे. वाकडंही टिकतं, असं डॉक्टरबाईच म्हणाल्या आहेत.