हिरवे, निळे आणि आपण

गुरुजी,

तुम्ही नदीपलीकडच्या गावचे आणि आमच्या गावच्या शाळेत शिकवायला येणार, एवढ्या एका गोष्टीवरून आम्ही पोरं तुम्हाला छळायचो. यात्रेत दोन्ही गावांची कबड्डी व्हायची. तुमच्या गावात नदीच्या वाळूत कलिंगडं पिकायची म्हणून आम्ही तुम्हा लोकांना ‘वाळूतले’ म्हणायचो, आणि तिकडचे आम्हाला ‘चिखलातले’. एका वर्षी आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी तुम्ही खांद्यावर कलिंगड घेऊन वर्गात शिरलात आणि मी उभा राहून म्हणालो, “गुरुजी, काल आम्ही जिंकलो, तुम्ही हरलात!” वर्ग हसला. तुम्ही कलिंगड टेबलावर ठेवलंत. “आम्ही? अन् मग मी कुठं गेलो रं? रोज नदी ओलांडून तुझ्याकडं येतो, अन् तू मला उंबऱ्याबाहेर उभा करतोस होय? ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर. ‘आपण’ म्हटलं की आत. चल, फळ्यावर लिही.” मी ‘काल आपण जिंकलो’ असं लिहिलं. कान लाल झाले होते. पण कलिंगड कापल्यावर पहिली फोड तुम्ही मलाच दिलीत. या दोन शब्दांनी मला यंदाच्या उन्हाळ्यात फार छळलं. ते ज्याला नीट कळेल असं दुसरं कुणी नाही, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

मी कतारला असतो. राहायला दोह्यात अल नस्रला, नोकरी रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये. कंपनीची बस भल्या सकाळी उचलते. माझ्या विभागात सेफ्टीचं काम बघणारा एक कॅनडाचा माणूस आहे, माझ्याच वयाचा. त्याचा प्रांत म्हणजे नजर पोचेल तिथवर सपाट गव्हाची शेतं. तिथल्या लोकांचा एक फुटबॉलचा संघ आहे. आपला लाथेचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी अंगावर पडून त्याला आडवं करायचं. मला तर ती कबड्डीच वाटते, फक्त श्वास धरायचा नाही. या संघाचा रंग हिरवा, आणि शेजारच्या प्रांताच्या संघाचा निळा. दोघांचं जे वैर आहे ते ऐकलंत तर तुम्हाला आपली यात्रा आठवेल. आमच्याच ऑफिसात एक निळ्या प्रांतातला इंजिनिअर आहे. तो चहाच्या मशिनपाशी याला विचारतो, “काय रे, तुमच्याकडे बघायला गव्हाशिवाय काही आहे का?” हा म्हणतो, “आहे ना. तुमचा हरलेला संघ परत जातो तो रस्ता. सपाट असल्यामुळे लांबपर्यंत दिसतो.” मग दोघे मिळून हसतात. हे लोक पोटासाठी प्रांत सोडून कुठेही जातात, पण हिरवा शर्ट बरोबर नेतात. परक्या गावच्या सामन्यालाही अर्धी गर्दी हिरवी असते म्हणे. आणि डोक्याला काय घालतात ठाऊक आहे? कोरलेलं कलिंगड! आतला गर काढून, सालीचं शिरस्त्राण करून.

सुरुवातीला मला याचं कौतुक वाटायचं. मग कंपनीच्या सहलीत त्याने माझ्या मुलीला या खेळाचं वेड लावलं. तिला एक हिरवा शर्ट दिला. तिची बारावी झाली, आणि पुढच्या शिक्षणाला तिने त्याच्याच प्रांतातलं कॉलेज निवडलं. चौकशी त्यानेच करून दिली, पत्रव्यवहारही शिकवला. मी त्याचे आभार मानले, आणि आतून जळत राहिलो. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. देवापुढे दिवा लावताना तिला हाक मारली तर “फाइव्ह मिनिट्स, बाबा.” आणि तिकडच्या शुक्रवार रात्रीचा सामना इकडे शनिवारी पहाटे असतो, त्यासाठी ती गजर न लावता उठते. एकदा आतून ओरडत आली, “वी वॉन, बाबा!” मी विचारलं, “वी म्हणजे? आम्ही की आपण?” ती गोंधळली. “बाबा, इट्स जस्ट वी.” इंग्रजीत एकच शब्द आहे, गुरुजी. त्यात मी उंबऱ्याच्या आत आहे की बाहेर, ते कळायला मार्गच नाही. ज्या गावाचं मी नावही धड उच्चारू शकत नाही, त्या गावाची ती झाली होती, आणि मी तिला आपल्या गावच्या कबड्डीची एक गोष्ट कधी पुरी सांगू शकलो नाही.

ती जायच्या आधीचा हिरव्या-निळ्यांचा सामना आला तेव्हा बायको म्हणाली, “त्यांना इकडेच बोलवा. पोहे करते. एवढं केलंय त्यांनी पोरीसाठी.” तो पहाटेच द पर्लमधल्या आपल्या घरून आला, दोन कलिंगडं घेऊन. माझ्या ओट्यापाशी उभा राहून, माझ्याच सुरीने तो कलिंगड कोरतो आहे, मुलगी शेजारी पातेलं धरून गर झेलते आहे, दोघं खिदळताहेत. “अंकल, यल्ला, इट्स स्टार्टिंग!” मुलगी त्याला इथल्या अरबीत ‘चला’ म्हणून घाई करत होती. मी स्नान करून देवापाशी बसलो होतो. देव्हारा ओट्यालगतच आहे. हात जोडले आणि जे मागायचं ते मागून उठलो.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. दोघं डोक्यावर कलिंगडं घालून सोफ्याच्या टोकावर बसलेली, रस गालांवरून शर्टात उतरत होता. अगदी शेवटी निळ्यांनी चेंडूला लाथ मारली. तो खांबांच्या मधून जायला हवा होता, बाजूने गेला. मी म्हटलं, चुकली. तर मुलगी किंचाळली, “नो! रन, रन!” या खेळात असं आहे की चुकलेली लाथसुद्धा मागच्या पट्ट्यात पडली आणि समोरच्यांना चेंडू तिथून बाहेर काढता आला नाही, तर एक गुण मिळतो. हिरव्यांना तो काढता आला नाही. तेवढ्या एका गुणाने निळे जिंकले.

तो कॅनडावाला हताश हसला. म्हणाला, “खलास.” आणि पोह्यांची ताटली पुढे ओढली. मुलगी कलिंगड काढून माझ्याजवळ आली, ओल्या केसांनी माझ्या खांद्याला टेकली आणि म्हणाली, “बाबा, आपण हरलो.”

मराठीत. कुणी न विचारता. ‘आम्ही’ म्हणता आलं असतं तिला. ते बरोबरही ठरलं असतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. तिला वाटलं, बाबांनाही फार लागलं. “इट्स ओके, बाबा, पुढच्या वेळी,” असं म्हणून तिने मला कलिंगडाची फोड आणून दिली.

तुम्ही आता नाही, पाठवायला पत्ता नाही, म्हणून हे पत्र मी देव्हाऱ्याच्या खणात ठेवणार आहे. तिला ते दाखवायचं नाही, कारण त्या पहाटे हात जोडून मी निळ्यांसाठी मागितलं होतं. माझी लाथ चुकली, गुरुजी, तरी ‘आपण’चा एक गुण मिळाला. पुढच्या आठवड्यात ती जाते आहे. त्यानंतरच्या शनिवारी आपला सामना आहे. आपला म्हणजे हिरव्यांचा, आणि त्यात तुम्हालाही धरलं आहे.