चाचणीचं पान

सोमवार, ४ तारीख
नवं गाव, नवी नोकरी, आणि तीही साबणाच्या कारखान्यात! खोलीतली उशीसुद्धा धुतल्यासारखी वास मारतेय. मालकांना कामगारांच्या डोक्यातलं सगळं ज्ञान एका विकीत, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या साइटवर हवंय, म्हणजे कुणी सोडून गेलं तरी काम अडणार नाही. यांच्या डोक्यात आणि ज्ञान! असो.

दिलेला कॉम्प्युटर म्हणजे डबडं. त्यावर विंडोज काढून हलकंसं लिनक्स टाकलं. ते सगळं मेमरीतच चालवतं, आपण होऊन सेव्ह केलं नाही तर रीस्टार्टनंतर पाटी कोरी. त्यावर विकी बसवला, सेव्ह केला. मग चाचणीच्या पानावर काहीतरी खरडायचं म्हणून लेकीबद्दल लिहिलं. चिमणी, वय सहा, पुढचा दात पडलाय, झोपताना माझा अंगठा धरते. पान झकास उघडलं. सेव्ह न करता रीस्टार्ट केलं, पान गेलं. शनिवारी घरी येतो असं तिला कबूल केलंय.

मंगळवार, ५
कढईवाले काका म्हणे नुसत्या वासावरून साबण कधी उतरवायचा ते ओळखतात. तेवढं एका बोटाने टाइप करायला त्यांनी अख्खा दिवस खाल्ला. पॅकिंगच्या बाईंनी खोक्याची घडी कशी घालायची यावर निबंध लिहिला. धन्य! मीही इन्स्टॉलेशनच्या नोंदी टाकल्या.

बायकोचा फोन आला. मध्येच कुठल्याशा पोरीच्या हातात दिला. शेजारची असावी. लाडावलेली, बडबडी. मी ठेवून दिला.

बुधवार, ६
काकांनी कढई करपवली. कधी उतरवायची ते आठवेना म्हणे. त्यांचंच पान वाचायला दिलं, तर विचारतात, हे कुणी लिहिलंय? ढोंगी म्हातारा. तिकडे बाई खोक्याकडे बघत रडतायत. एकेक नग भरलाय इथे.

गुरुवार, ७
सेव्हची कमांड आठवेना. मला! माझ्याच नोंदी उघडल्या. वाचता येतात, पण परक्याच्या वाटतात. काकांसमोर ताठ मानेने बसलो.

शुक्रवार, ८
जे तिथे लिहितो ते डोक्यातून जातं. काकांचं निदान पानावर तरी आहे. मी अजून काय लिहिलं होतं?
ही वही चाळली. सोमवार. अक्षर माझंच.
लेक?
बायकोला फोन केला. तिला वाटलं, मी थट्टा करतोय. हसली. मग हसायची थांबली —

शनिवार, ९
घराच्या कोपऱ्यावर उभा आहे. पुढे जायची भीती वाटते, म्हणून इथेच वही उघडलीय. मोठा आलो लोकांना बावळट म्हणणारा.
दारात दोन मुली खेळतायत. सहा-सहा वर्षांच्या. नीट बघतो —
दोघींचाही पुढचा दात पडलाय.
बाबा म्हणून हाक आली. कुणी मारली ते दिसलं नाही — दोघी धावत येतायत — हात कुणासाठी पसरू — एकीचा चेहरा आत्ताच पडला, मी दुसरीकडे बघितलं म्हणून.