पत्र्याची पेटी, किल्लीशिवाय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, किल्लीमास्तरांची पत्नी, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की आज माझे डोके जाग्यावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी काल दिला असून तो सोबत टाचला आहे. त्यांनी मला वार विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी काढलं आणि वर सांगितलं की तुमच्या भिंतीवरचं चार मिनिटं मागे आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, कोणी फूस लावलेली नाही. राग आहे, पण तो माझा स्वतःचा आहे आणि तोही पूर्ण शुद्धीत आहे. यापूर्वी ज्या मृत्युपत्रात मी सगळं काही मुलाला दिलं होतं ते आजपासून रद्द समजावे.

वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात कारणं लिहायची गरज नसते."

म्हटलं, "तुम्हाला नसेल. तुम्ही फक्त शुद्धलेखन बघा."

कलम पहिले. राहते घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, हे सर्व माझ्या पश्चात माझ्या सुनेच्या एकटीच्या मालकीचे होईल. मुलाचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही. त्याला तिथे राहता येईल, पण सुनेची मर्जी असेल तोवर. पुढच्या दाराचं कुलूप आमच्या ह्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं आहे, बाजारात त्याची किल्ली मिळत नाही. होत्या दोन. एक मुलाने चार वर्षांपूर्वी हरवली आणि "कुलूपच बदलून टाक ना आई" असं म्हणून मोकळा झाला. उरलेली सुनेकडे राहील. मुलाने बेल वाजवावी आणि थांबावे.

कलम दुसरे, अवजारे. मागच्या गॅलरीतलं टेबल, त्याला बसवलेला पकडीचा व्हाइस, सत्तावीस कानशी, तीन हातोड्या, कोऱ्या किल्ल्यांचे डबे आणि भिंतीवरचा दिवा हे सुद्धा सुनेला. मुलाला यातलं एकही नको. बापाचा धंदा विचारला की तो लहानपणापासून "हार्डवेअरमध्ये आहेत" असं सांगायचा. सून या घरात आली तेव्हा तिला कानस कुठल्या बाजूने धरतात हे माहीत नव्हतं. ती शिकली ते ह्यांचा आजार सुरू झाल्यावर, आणि तेही त्यांच्याकडूनच. हे कसं झालं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आमच्या ह्यांना सहा वर्षांपूर्वी विसरायला होऊ लागलं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग दुकान विकल्याचं विसरले, मग मी. "बाई, तुम्ही कोण? आमची मंडळी कुठे गेली?" असं मलाच विचारायचे. पण हात काही विसरले नाहीत. ज्या माणसाला आपल्या घरातली मोरी सापडत नव्हती तो कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडायचा. लोक अशा माणसाला दाराला कडी लावून घरात ठेवतात. आम्ही काय करणार? मी कडी लावली की ती काढायचे, कुलूप लावलं की सेफ्टीपिन शोधायचे. एकदा अनवाणी मोठा रस्ता ओलांडून जुन्या दुकानापर्यंत गेले आणि नव्या मालकाचं शटर उघडून आत जाऊन बसले. एकदा शेजारणीच्या घरात शिरले. ती आंघोळ करून बाहेर येते तो मास्तर तिच्या खिडकीशी, हातात पेचकस. तिने सगळी इमारत गोळा केली, लेखी तक्रार दिली. त्या खिडकीची खिटी तीन वर्षं बसत नव्हती. अजून ती खिडकी झकास लागते, हे मी इथे मुद्दाम नमूद करते.

आणि एकदा त्यांनी माझं मनगट पिरगाळलं. त्यांच्या मते मी कोणीतरी चोरटी होते आणि त्यांच्या कानशी पळवत होते. हे मी लपवलं, पण मुलाने काळंनिळं बघितलं. इथपर्यंत मुलाचं चुकलं नाही. "आई, डॉक्टरकडे चल, हे असं चालायचं नाही," असं तो म्हणाला ते बरोबरच होतं.

डॉक्टरांनी आधी आठवणीची गोळी दिली. तिने आठवण आली नाही, उलट्या मात्र आल्या. दोन महिन्यांत सहा किलो वजन गेलं तेव्हा ती बंद केली. मग दुसरी, डोकं शांत करणारी. डॉक्टर भला माणूस आहे, त्याने काही लपवलं नाही. म्हणाला, "हे आजाराचं औषध नाही, भीतीचं आणि संशयाचं आहे. ते कमी होईल. पण अंग ताठ होऊ शकतं, तोल जातो, झोप फार येते, गिळायला त्रास होतो. या वयात धोका आणखी मोठा असतो. म्हणून अर्धीच द्या, लिहून ठेवा आणि दर महिन्याला मला दाखवा."

मी लिहून ठेवलं. पाव गोळीने काहीच होत नव्हतं. अख्खी दिली तर ते खुर्चीत नुसतं ठेवल्यासारखे बसायचे, तोंडातून लाळ, आणि हातात किल्ली दिली तर ती धरून ठेवायचे, फिरवायची कशी ते कळायचं नाही. अर्धी, संध्याकाळी साडेपाचला, जेवणाआधी. तेवढ्याने मारणं थांबलं, संशय थांबला, आणि हात चालत राहिले. बाहेर जायची हौस थोडी उरली, तेवढी मी झेलत होते. हे माप शोधायला मला चार महिने लागले. आयुष्यात मी पुष्कळ कामं केली, पण इतकं बारीक काम दुसरं नाही.

त्या अर्ध्या गोळीच्या दिवसांत ते दुपारी मागच्या गॅलरीत बसायचे आणि सुट्टी असली की सून त्यांच्या शेजारी. तिला ते "पोरी" म्हणायचे, ही कुठली कोण ते ठाऊक नसायचं. "घाई करू नकोस पोरी, धातू काही पळून जात नाही. दोनदा घास आणि एकदा बघ." पहिली किल्ली तिने अकरा दिवसांत केली. ती लागली तेव्हा ह्यांनी टाळ्या वाजवल्या. एवढं मोठं हसू मी लग्नातही बघितलं नव्हतं.

आता मुलाविषयी.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. नऊ दिवस हॉस्पिटलात. मुलगा म्हणाला, "आई, मी घरूनच काम करतोय, तू निर्धास्त जा." मी जाण्याआधी गोळ्या मोडून नऊ अर्धे तुकडे केले, गिऱ्हाइकाला किल्ली द्यायचो त्या कागदी पुड्यांमध्ये एकेक घातला, पुड्यांवर वार लिहिले आणि पुड्या फ्रिजवर ओळीने ठेवल्या. शेजारी चिठ्ठी: सकाळी काही नाही, संध्याकाळी साडेपाचला एक पुडी, जास्त नाही. अडीनडीला असावीत म्हणून गोळ्यांची दोन कोरी पाकिटं ड्रॉवरमध्ये होती. ती बरोबर घेऊन गेले असते तर आज हा कागद लिहावा लागला नसता.

मी परत आले तेव्हा फ्रिजवर नऊच्या नऊ पुड्या तशाच होत्या. एकीचंही तोंड उघडलेलं नव्हतं. ड्रॉवरमधल्या वीस गोळ्यांपैकी दोन उरल्या होत्या. सकाळी एक अख्खी, संध्याकाळी एक अख्खी, नऊ दिवस.

हे खुर्चीत होते. मी "अहो" म्हटलं. मान वळली नाही. मी त्यांच्या हातात घराची किल्ली ठेवली, ती पडली.

मुलगा म्हणाला, "अगं आई, काय उत्तम राहिले! एकदा दाराला हात लावला नाही. माझ्या सगळ्या मीटिंगा निवांत झाल्या."

डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी बंद केली. ताठरपणा गेला नाही. घास नरड्यात अडकायला लागला, चहा छातीत गेला, ताप आला. सव्विसाव्या दिवशी गेले. डॉक्टर म्हणतो, नक्की त्या गोळ्यांमुळेच असं छातीठोकपणे सांगता येत नाही, आजारही वाढतच होता. ठीक आहे. त्याला सांगता येत नाही, मला येतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला मुलगा सांगत होता, "बाबा अगदी शांतपणे गेले." एक जण निघून दुसरा आला की पुन्हा तेच. मी त्या दिवशी तोंड उघडलं नाही. आज उघडते आहे: तुझे वडील शांत गेले नाहीत. तू त्यांना आधी शांत केलंस, मग ते गेले.

सुनेने मला आठवड्याभरात सगळं सांगितलं. स्वयंपाकघरात उभी राहून, माझ्याकडे न बघता. "आई, मी त्यांना म्हटलं, पुड्या आहेत ना, मग पाकिटाला हात कशाला? तर म्हणाले, माझे वडील आहेत, तू मध्ये बोलू नकोस. मी एकदा बोलले, दोनदा बोलले. मग नाही बोलले. मी ऑफिसला जात राहिले."

पोरी, घर तुला देते आहे म्हणून मी हे विसरले असं समजू नकोस. तिसऱ्यांदा बोलायला हवं होतंस. पण तू निदान सांगितलंस, आणि माझ्या मुलाने आजतागायत "चुकलं" हा शब्द तोंडातून काढलेला नाही. मी एकदा त्याला विचारलंही, "चिठ्ठी वाचली होतीस का रे?" तर म्हणाला, "वाचली ना. पण तू जरा जास्तच काटेकोर आहेस."

कलम तिसरे. बँकेतली ठेव डॉक्टरांच्या दवाखान्याला. अट अशी की तिच्या व्याजातून, अशा आजाऱ्याला सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःलाच हॉस्पिटलात जावं लागलं, तर त्याच्या घरी तेवढे दिवस शिकलेली नर्स ठेवावी. घरच्यांच्या भरवशावर सोडू नये. शिवाय तपासणीच्या खोलीत सांभाळणाऱ्यासाठी एक धड खुर्ची घ्यावी. मी तिथे चार वर्षं उभी होते.

कलम चौथे. माझे कपडे, भांडी वगैरे सुनेने हवे ते ठेवावे, बाकी द्यावे. माझा चष्मा मुलाला. लिहिलेलं वाचायला उपयोगी पडेल.

कलम पाचवे. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असं वकिलांचं मत आहे, कारण ते मरणानंतरचं नसून आधीचं आहे. त्यांनी त्यासाठी वेगळा कागद करून दिला आहे, त्यावरही मी सही केली आहे. पण मुलाने दोनदा ऐकावं म्हणून इथेही लिहिते. माझंही डोकं पुढेमागे गेलं तर माझ्या औषधाचा निर्णय सुनेचा. मुलाने माझ्या ड्रॉवरला हात लावायचा नाही. सुनेने आधी अर्धी द्यावी, लिहून ठेवावं, आणि मी कोणाला मारत नसेन तर नुसत्या बडबडीसाठी काही देऊ नये. मी बडबड करणारच.

कलम सहावे आणि शेवटचे. कपाटावरची पत्र्याची पेटी, बंद, मुलाला.

ह्यांच्या पश्चात त्याने मला तीनदा विचारलं आहे, "आई, त्या पेटीत काय आहे गं?" विचारताना आवाज फार मऊ असतो. पेटीला ह्यांच्या हातचं कुलूप आहे. त्याची किल्ली मी वितळवून घेतली. पेटी फोडली तर कलम पहिल्यातली राहण्याची परवानगी त्याच दिवशी संपली असे सुनेने समजावे. उघडायची असेल तर मुलाने बापाच्या टेबलाशी बसावे, बापाची कानस हातात घ्यावी आणि किल्ली स्वतः घासावी. सून शिकवेल. तिला अकरा दिवस लागले होते. तुला जास्त लागतील, तुला घाई असते. दोनदा घास आणि एकदा बघ.

आत काय आहे तेही सांगून टाकते, म्हणजे उगाच दागिन्यांची स्वप्नं नकोत. नऊ पुड्या आहेत. वार माझ्या अक्षरात आहेत. प्रत्येकीत अर्धी गोळी आहे, तू न दिलेली.

आणि एक दहावी पुडी आहे. ती रिकामी आहे. ऑपरेशनच्या दोन महिने आधी तुझे साहेब जेवायला येणार होते. तू सकाळीच म्हणालास, "आई, आजच्या दिवस अख्खी दे ना, प्लीज, माझी अब्रू जाईल." मी दिली. माझं चार महिन्यांचं माप मी माझ्या हाताने मोडलं, कारण तू माझा मुलगा होतास आणि मला तुझी अब्रू दिसली. ते तीन तास खुर्चीत बसले. साहेबांनी "किती शांत आहेत वडील" असं म्हटलं. जाताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "बघ आई, जमतं की." तुला ते जमतं हे मी शिकवलं. म्हणून त्या पुडीवर माझं नाव आहे.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून त्यांची माफी मागितली होती. त्यांना काही कळलं नाही. "असू दे बाई, रडू नका," असं म्हणाले, मी कोण हे न ओळखता. तेवढं तरी माझ्या पदरात पडलं. तू ते नव्हे दिवस घरात होतास आणि नंतरचे सव्वीस दिवसही. एकदा त्यांच्यासमोर बसला असतास तर तुलाही म्हणाले असते कदाचित. आता कानस घासत बस. तिथे बसून तुला जे म्हणायचं असेल ते म्हण. ऐकायला ते नाहीत आणि मीही नसेन.

वरील सर्व मी माझ्या अक्षरात लिहिले, मोठ्याने वाचून घेतले आणि एक शब्दही मागे घेतला नाही. लिहिण्यातली चूक एकच आहे, कलम सहाव्यात, "नव्हे" च्या जागी "नऊ" वाचावे.

साक्षीदार पहिला: कोपऱ्यावरचा औषधवाला, ज्याने गोळ्यांची पाकिटं दिली आणि प्रत्येक वेळी "आजी, अर्धीच ना?" असं विचारलं. सही.

साक्षीदार दुसरी: शेजारीण, तक्रार करणारी. सगळं ऐकेपर्यंत तिला उठू दिलं नाही. शेवटी डोळे पुसले आणि सही केली. सही.

लिहून ठेवणारी: किल्लीमास्तरांची बायको. सही.

ठिकाण: मागची गॅलरी, त्यांचं टेबल.
दिनांक: नऊ. वेळ: संध्याकाळचे साडेपाच.