भंडाऱ्यातलं पेप्टाइड

रविवार, २ नोव्हेंबर
आज सकाळी खंडोबाला भंडारा वाहायला बसलो तर चिमूट धरता येईना. हळद हल्ली फार बारीक दळतात. शेवटी ओंजळीनंच वाहिला. देवाचा फायदा झाला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
लेक योगितानं बळंच बीडच्या डॉक्टरकडे नेलं. आमवात निघाला. डॉक्टर म्हणाला, अंगाची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उलटल्यात. जन्मभर मेंढरं राखली. असं उलटणारं कुत्रं पाहिलं नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. बाकीचे दिवस ती काय करते, विचारलं. हसला. शिकलेल्याला उत्तर नसलं की तो हसतो. गोळ्या नुसत्या ठेवून दिल्या.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
योगिता फार्मसी शिकते. तिनं फोनवर वाचून दाखवलं. नवीन औषधाचं संशोधन चाललंय. पेप्टाइड म्हणजे प्रोटीनचा बारीक तुकडा. औषध पाठीवर घेऊन पेशीच्या आत शिरतो, दुखऱ्या सांध्यातच उतरवतो. बाकी अंगाला धक्का नाही.
लगेच पटलं. मेंढरं कोंडायच्या जाळीत अनोळखी माणूस शिरला तर सगळा कळप उधळतो. घरचा गडी लंगडं मेंढरू तेवढं उचलून आणतो. गोळी म्हणजे अनोळखी माणूस. ठरलं. थांबायचं.
योगिता म्हणाली, आबा, अजून उंदरांवरच चाललंय, माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील सांगता येत न्हाई. आजच्या पोरांना धीर नाही. बीडला रेल्वे यायची वाट आम्ही जन्मभर पाहिली.

रविवार, ९ नोव्हेंबर
मेव्हणा धुळाजी आला. त्यालाही हाच आजार. म्हणाला, दाजी, कशापायी दुखणं अंगावर काढताय? गोळीनं मला लई फरक हाय. त्या घराण्यात पहिल्यापासून समोर येईल ते गिळतात.
तेवीसला आमची कातरणी. पहिलं मेंढरू घरच्या कर्त्यानं कातरायचं, मगच भावकीनं कातरी उचलायच्या. धाकटा भाऊ भागवत दोनदा विचारून गेला, दादा, जमंल ना? माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा.

बुधवार, १२ नोव्हेंबर
कंपनीचं औषध येईल तेव्हा येईल. प्रोटीन घरातच आहे. हरभऱ्याची डाळ दळून आणली, धोतराच्या फडक्यातून गाळली. तुकडा जितका बारीक तितका आत शिरणार. त्यात भंडारा मिसळला, वाट देव दाखवील. बोटांना जाड लेप दिला.
साखराबाई म्हणाली, ववा बी टाकते, कढई ठेवू का? बायको झाली तरी सायन्स तिला कुठून कळणार? योगिता फोनवर म्हणाली, आबा, ते बेसन हाय. फी भरून हेच शिकवतात.

सोमवार, १७ नोव्हेंबर
लेपाला मुंग्या लागल्या. त्यांना आत शिरायला वाट दिसते आहे, म्हणजे काम सुरू झालं.
शर्टाची बटणं साखराबाईनं लावली. शिंपी काजं लहान ठेवतात.

रविवार, २३ नोव्हेंबर
भावकी जमली. मेंढी आडवी केली, देवाचं नाव घेतलं, कातर उचलली. मिटेना. दोन्ही हात लावले. मेंढी गरीब, पडून राहिली.
म्हणालो, कातर गंजली आहे. धुळाजीनं माझ्या हातातून घेतली आणि अर्ध्या मेंढीची लोकर उतरवली. म्हणाला, चांगली हाय की, दाजी. मग माझ्याकडे पाहिलं आणि कातर खाली ठेवली.
भागवत म्हणाला, दादा, तुमी सावलीत बसा. सावलीत म्हातारे बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. जेवताना साखराबाईनं न विचारता भाकरी कुस्करून दिली. कुणी हसलं नाही. हसले असते तर उत्तर तयार होतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
धुळाजीबरोबर बीडला गेलो. डॉक्टरनं बोटं दाबून पाहिली. म्हणाला, हे एक आता सरळ होणार नाही, बाकीची वाचवू. पण गोळीचा गुण यायला महिना-दोन महिने लागतील. या वेळी तो हसला नाही.
घरी येऊन हात धुतले. गोळीचं पाकीट मला फोडता येईना. साखराबाईनं फोडून गोळी तळहातावर ठेवली. गिळली.