संयमच्या भाकरीवरचं तेल

६ जुलै १९९७, रविवार, सांगली

आजपासून रीतसर नोंद. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी शेतकी खात्याची सवय सुटत नाही. जे लिहिलं नाही ते झालंच नाही.

विषय: करडईचं तेल आणि कुत्र्याची तब्येत. कुत्रा: संयम, वय चार, जात कारवानी (आई नक्की, बापाची खात्री नाही).

गेल्या वर्षी याचे केस पुंजक्यांनी गळले. बरगड्या मोजून घ्याव्यात. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, मगदूमसाहेब, कुत्रा आहे तो, अंडं द्या, हाडं द्या. जैनाच्या घरात? उठून आलो. कवठे महांकाळ भागात वीस वर्षं मी शेतकऱ्यांना करडई पेरा, करडई पेरा म्हणून सांगत फिरलो. एकानं ऐकलं नाही, सगळे द्राक्षांच्या मागं लागले. म्हटलं, माणसं नाही तर नाही, कुत्रा तरी ऐकेल. कवठ्याच्या ज्ञानूच्या घाण्यावरनं तेलाचा डबा आणला. सकाळ-संध्याकाळ भाकरीवर दोन-दोन चमचे. भरवायचं काम गुणमालाकडं.

आज बघावं तर पाठीवर हात ठेवला की घसरतो! या घरात माझं ऐकणारा हा एकच जीव. तो जगला पाहिजे, आणि माझ्या धर्मानं जगला पाहिजे.

९ जुलै, बुधवार

संध्याकाळी भाकरीला तोंड लावलं नाही. वास घेतला, माझ्याकडं बघितलं, आडवा झाला. गुणमाला म्हणाली, उन्हानं असेल. बाहेर पाऊस होता.

११ जुलै, शुक्रवार

पुन्हा तेच.

१३ जुलै, रविवार

पुन्हा. बाकीच्या दिवशी बरा असतो.

१६ जुलै, बुधवार, सायं. ७.१०

उलगडा झाला! बुध, शुक्र, रवि. अगदी ठरवून. हा उपास करतोय!

अंगावर काटा आला. मी चतुर्दशीला एकदाच जेवायचं ठरवतो आणि साडेदहाला पोहे खातो. हे मुकं जनावर आठवड्यातून तीन उपास काढतंय, कुणाला न सांगता. सात्त्विक आहाराचा परिणाम, दुसरं काय. गुणमालाला सांगितलं तर ती तोंडाला पदर लावून आत गेली, खांदे हलत होते. भरून आलं असणार.

२० जुलै, रविवार

जैन बस्तीत (मंदिरात) दर्शनानंतर चार लोकांना सांगितलं. आप्पासो बिरनाळे म्हणाले, तवनाप्पा, पोरांना आणतो रं पाया पडायला. थट्टेचा सूर होता, पण आतून हललेला दिसला.

येताना शेजारचे हिंदुराव निकम फाटकात भेटले. मिलिटरीतून सुभेदार होऊन रिटायर झालेत, मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. त्यांनाही उपासाचं सांगितलं. ते बराच वेळ मिशी पुसत राहिले. मग म्हणाले, आण्णा, तुमचं कुत्रं म्हंजे लय येगळंच हाय बगा. बंदुकीचा माणूस, पण पारख आहे.

दगडाबाईकडनं येणारं म्हशीचं दूध हल्ली फारच घट्ट. साय बोटभर येते.

२७ जुलै, रविवार

पेपरात आलंय: स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त साताऱ्यात १७ ऑगस्टला श्वान प्रदर्शन. फॉर्म भरला. ‘आहार’ या रकान्यात: शुद्ध शाकाहार व करडई तेल. ‘विशेष गुण’: उपवास.

‘करडई आणि श्वान’ असं पत्रक लिहिलं, शंभर झेरॉक्स काढल्या. आता कळेल सगळ्यांना तवनाप्पा मगदूम वीस वर्षं काय बोंबलत होता ते.

हिंदुराव त्यांच्या मेव्हण्याची ट्रॅक्स देतायत. म्हणाले, मी बी येतो, मला बगितलं की ते गप बसतंय. गैरसमज आहे. तो मला बघून गप बसतो. पण गाडी त्यांची, म्हणून बोललो नाही.

३ ऑगस्ट, रविवार, अमावस्या

उद्यापासून श्रावण, म्हणून हिंदुरावांकडं आज पाव्हणेच पाव्हणे. सकाळपासून कुकरच्या शिट्ट्या आणि मसाल्याचा वास. आम्ही खिडक्या लावून घेतल्या. संयम नऊपासून गायब. वास सहन न होऊन कुठं तरी लांब निघून गेला असणार बिचारा.

चार वाजता आला. पोट ढोलकीसारखं. चारी पाय फाकून पडला. वायू धरलाय. पोटाला तेल चोळलं अर्धा तास. तो घोरत होता.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नागपंचमी

वाईट बातमी. संयमनं व्रत मोडलं. बुधवारी भाकरी खाल्ली, आजही खाल्ली. चव नसल्यासारखी, पण खाल्ली. दिवसभर हिंदुरावांच्या कुंपणाला नाक लावून बसलेला असतो, त्यांच्या स्वयंपाकघराकडं तोंड करून. त्यांच्याकडं महिनाभर सगळं बंद. ती शांतता त्याला आवडत असेल.

१२ ऑगस्ट, मंगळवार

केस गळायला लागले. चमक गेली. प्रदर्शनाला पाच दिवस. कारण एकच असू शकतं: तेलात भेसळ!

एसटी पकडून तडक कवठ्याला गेलो. ज्ञानूला गिऱ्हाइकांसमोर विचारलं, इतक्या वर्षांची ओळख आणि सरकीचं तेल मिसळतोस? त्यानं समोर घाण्यात करडी ओतली, मला दोन तास बसवलं, धार निघाली तेव्हा ओंजळीत घेऊन दाखवली. मग म्हणाला, सायेब, तुमच्या नादानं ह्या शिवारात आता मी एकलाच करडी पेरतोय. आन् तुमी मलाच चोर म्हंताय व्हय?

म्हणजे एकानं ऐकलं होतं. मला ठाऊकच नव्हतं. सँपल मात्र बाटलीत भरून आणलंय, तपासायला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

डोस दुप्पट. आणि यापुढं मी स्वतः समोर बसून भरवणार. गुणमाला म्हणाली, अहो नका, त्याला सोसायचं नाही. म्हटलं, आजवर तूच भरवत होतीस ना, बघ काय अवस्था झाली! रडली. रडून केस येत नसतात.

१६ ऑगस्ट, शनिवार

सहा चमचे. संयम तीनदा बाहेर जाऊन आला. शरीर शुद्ध होतंय.

१७ ऑगस्ट, रविवार, साताऱ्याहून परत आल्यावर

सविस्तर लिहायची इच्छा नाही.

इस्लामपूरपर्यंत ठीक. पेठ नाक्याला थांबलो. कराडला थांबलो. उंब्रजला थांबलो. अतीत गावाच्या अलीकडं त्यानं गाडी थांबायची वाट बघितली नाही. सीट कव्हर नवीन होतं. हिंदुरावांनी कॅननं पाणी आणून सगळं धुतलं, त्यालाही धुतलं, टॉवेलनं पुसलं. त्यांचा टॉवेल.

परीक्षक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, मूठभर केस हातात आले. फॉर्म वाचला. विशेष गुण दोनदा वाचला. विचारलं, उपाशी ठेवता का याला? मी पत्रक पुढं केलं. त्यांनी त्या पत्रकालाच हात पुसले.

तेवढ्यात हिंदुराव मध्येच म्हणाले, सायेब, श्रावणामुळं उतरलंय वो ते. आखाडात बगायला पायजे हुतं, नुसतं आरशागत चमकत हुतं.

श्रावणाचा काय संबंध, असं मी परतीला विचारलं. हिंदुराव खिडकीबाहेर बघत म्हणाले, हवा वो आण्णा, हवा.

१८ ऑगस्ट, सोमवार

विचारांती निष्कर्ष: हिंदुरावांचं बरोबर आहे. श्रावणातली दमट हवा. थंडीत पुन्हा प्रदर्शन गाठायचं. खचायचं कारण नाही. भरवायचं काम परत गुणमालाकडं दिलं, माझी कंबर धरलीय.

३ सप्टेंबर, बुधवार, दुपारी १.२०

पाहिलं तसं लिहितो.

टाकीत पाणी किती आहे बघायला गच्चीवर गेलो. खाली हिंदुरावांचं मागचं दार. दारात त्यांच्या अंजनाबाई, पुढ्यात जर्मनचं ताट, ताटात रस्सा-भाकरी, वर हाडं. आणि ताटावर तुटून पडलेला संयम. माझा संयम! काडकाड आवाज गच्चीपर्यंत येत होता. श्रावण संपून दोन दिवस झाले नाहीत तोवर.

इथपर्यंतही मी सावरलो असतो. पण कुंपणाला जिथं फट आहे तिथं गुणमाला उभी होती. हातात पाण्याचा तांब्या. त्याचं खाणं होईपर्यंत तोंड फिरवून उभी राहिली. मग नाकाला पदर लावून तिनं त्याचं तोंड धुतलं, जबडा पुसला, आणि आपल्या दारानं आत घेतला. सराईतपणे. रोजचं काम असल्यासारखं.

बुध, शुक्र, रवि. मटणाचे वार. मी गच्चीवर उकिडवा बसलो तो तासभर उठलोच नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

गुणमालाची जबानी घेतली. एकतीस वर्षांच्या संसारात मी तिला इतकं निर्भय बोलताना ऐकलं नव्हतं.

म्हणाली, डॉक्टरांकडनं तुम्ही उठून आलात, मी दुसऱ्या दिवशी परत गेले विचारायला. ते म्हणाले, असंच चाललं तर महिना काढायचा नाही. मग अंजनाबाईंना म्हटलं, तुमच्यात जे असेल ते घाला, मी बघितलं नाही. मी शिवले नाही हो कशाला. पण तो दारात पडून राहायचा ते बघवत नव्हतं. पाप लागायचं ते मला लागू दे.

विचारलं, आणि तेलाची भाकरी? म्हणाली, त्याला कोरडीच घालत होते, तेलाची दगडाबाईच्या म्हशीला. वर्षभर.

म्हणजे तेल गुणकारी आहे! त्या म्हशीची कातडी बघा, दूध बघा! पण हे आता सांगू कुणाला? बस्तीत मी उपासाचं सांगून आलोय.

हिंदुराव दाराशी आले. म्हणाले, आण्णा, चूक झाली म्हना. पन ते मरत हुतं, आन् तुमी उपास उपास म्हनत हुता. हसू बी येत हुतं, आन् वाईट बी वाटत हुतं. मी दार लावून घेतलं. बायको फितूर, शेजारी फितूर, आणि ज्याच्यासाठी ज्ञानूला चोर म्हणालो तो तर पहिला फितूर. जगात विश्वास ठेवावा असं कुणी नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

संयमला साखळी. कुंपणाची फट बुजवली. दोन्ही वेळा मी स्वतः तेलाची भाकरी पुढं ठेवली. खाल्ली नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

खाल्ली नाही. बघू कोण हरतं.

७ सप्टेंबर, रविवार

खाल्ली नाही. मी भाकरी घेऊन जवळ बसलो की तोंड भिंतीकडं करतो. गुणमाला माझ्याशी बोलत नाही आणि स्वतःही जेवली नाही.

दशलक्षण पर्वानिमित्त बस्तीत उत्तम क्षमेवर प्रवचन. सगळा वेळ वाटलं, बुवा माझ्याकडंच बघून बोलतायत.

८ सप्टेंबर, सोमवार

निर्णय घेतला. पराभव नव्हे, क्षमा. मांस हा त्या प्राण्याचा स्वभाव. मटणापुढं तेलाचं काय चालणार? जिभेला बळी पडला, त्यात त्याचा दोष नाही. मी त्याला क्षमा करून मोकळा करणार. हे सगळं कागदावर मुद्देसूद लिहून काढलं.

सकाळी साखळी धरून हिंदुरावांच्या दारात गेलो आणि कागदावरनं वाचून दाखवलं. हिंदुराव अटेन्शनमध्ये उभे राहून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, आण्णा, ठेवून घेतो, पन एक सांगतो. गणपती बसल्यात. इसर्जनापातुर आमच्यात अंड्याचं टरफालसुदिक मिळायचं न्हाई. चालंल का त्याला?

मी म्हणालो, बघा, दोन दिवसांत माझ्याकडं पळून येतो की नाही. मटण नाही म्हटल्यावर थांबतोय कशाला तुमच्याकडं?

घरी येऊन त्याची थाळी घासून ठेवली.

९ सप्टेंबर, मंगळवार, सकाळी ९

गच्चीवर गेलो होतो. पाणी बघायला.

अंजनाबाई मागच्या दारात आल्या. ज्वारीची शिळी भाकरी कुस्करली, वर ताक ओतलं. बाकी काही नाही. मी नीट बघितलं, चष्मा पुसून बघितलं. मग त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि त्याच्या मानेवरनं हात फिरवत त्याच्याशी काहीबाही बोलत राहिल्या. तीन दिवसांचा उपाशी कुत्रा, त्यानं ती भाकरी खाल्ली. ताट चाटलं. मग त्यांच्या मांडीवर डोकं टाकून डोळे मिटले.

मटणासाठी गेला असता तर मी समजू शकलो असतो. तेवढी माझी तयारी होती. ताकभाकरी तर आमच्याकडंही होती.

मी वरनं हाक मारली. त्यानं डोळे उघडून वर बघितलं, शेपूट हलवली, ओळख आहे तेवढ्यापुरती. उठला नाही.